आग्रह चालत नाही

आमच्या घरात पाहुणा चप्पल काढतोय तोवर पाण्याचा तांब्या पुढे येतो. पाणी नको म्हटलं तर अर्धा कप चहा येतो आणि चहाही नको म्हणणाऱ्याच्या पोटाची चौकशी होते. अशा घरात मी लिथॉप्सची कुंडी आणली.

लिथॉप्स म्हणजे दोन जाडजूड पानं आणि मधे एक फट. बाकी सगळा मुक्काम जमिनीखाली. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या कोरड्या माळांवर ते गारगोट्यांत असं मिसळून बसतं की खाणाऱ्याच्या नजरेला पडू नये. 1811 साली विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने प्रीस्काजवळ गमतीदार खडा म्हणून काहीतरी उचललं, ते झाड निघालं. बर्चेलच्या निदान लक्षात आलं. आमच्या आत्याने कुंडीतले खडे वेचून फेकले, त्यात हेही फेकलं होतं.

ते झाड आहे हे पटल्यावर तिचा जीव आणखीच खालीवर झाला.

"पाणी कधी घालायचं?"

"सध्या नाही."

"घोटभर?"

"नाही."

"बरं, तांदळाचं धुवण?"

तिला कारण सांगितलं. दरवर्षी त्या फटीतून पानांची नवी जोडी येते. जुनी जोडी आपलं साठवलेलं सगळं पाणी तिला देते आणि स्वतः वाळून जाते. फंड, ग्रॅच्युइटी सगळं मुलाच्या फ्लॅटमध्ये घालणाऱ्या बापाची ही जात! या दिवसांत वरून पाणी पडलं की जुनी पानं वाळायचं विसरतात आणि झाड कुजायची वेळ येते.

"अरे, पण पोर सुकलंय!"

सुकतंय ते म्हातारं, पोर आत मजेत आहे, हे किती वेळा सांगायचं?

बरं, पाण्याशी त्याचं वैर आहे असंही नाही. त्याचं बोंड पाऊस पडल्यावरच उघडतं, थेंबांच्या माऱ्याने बिया बाहेर उडतात आणि सुकलं की बोंड पुन्हा मिटतं. पिवळं नाहीतर पांढरं फूलही येतं, तेही दुपारी उठणारं. मला विचाराल तर हे झाड बागकामाची हौस असणाऱ्यांसाठी नाहीच, विसरभोळ्यांसाठी आहे.

तरीही घ्यायचंच असेल, तर भरपूर उजेडात आणि पावसाच्या झडीपासून लांब ठेवा. आणि शेजारी पुदिन्याची एक कुंडी जरूर ठेवा. घरातले तांबे तिकडे वळतात, शिवाय चटणी होते.