काळी माती नेल्याबद्दल आभारपत्र

प्रति,
माननीय बिल्डरसाहेब,
कोलार रोड, भोपाळ.

विषय : ‘प्रायव्हेट गार्डन’ या नावाखाली मिळालेल्या मलब्याची पोच.

महोदय,

पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. आपल्याला ते वाचता येणार नाही, त्यामुळे मला मोकळेपणाने लिहिता येईल.

आपल्या माहितीपत्रकात घरामागे हिरवंगार लॉन होतं आणि टोमॅटो तोडणारी एक हसरी बाई होती. ताबा मिळाल्यावर त्या जागी पहार मारली, तर पहिल्याच घावाला ठिणगी उडाली. आत मिळालेल्या मालाची ही रीतसर पोच : विटांचे तुकडे, स्लॅबचे डबर, फुटक्या टाइल्स, वाकडे खिळे, सेंटरिंगच्या फळ्यांच्या ढलप्या, गुटख्याच्या पुड्या आणि पाणी लागून दगड झालेलं सिमेंटचं एक अख्खं पोतं, वरच्या शिवणीसकट. हे सिमेंट निदान भिंतींत तरी गेलेलं नाही, एवढा खुलासा झाला.

भोपाळची जमीनच नापीक असती तर ब्र काढला नसता. पण आपण माळव्याच्या पठारावर आहोत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजत झिजत इथली काळी माती झाली. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पिकाला उत्तम आणि पायाला वाईट. आपण पायाची काळजी घेतलीत, काळी माती उपसून मुरूम भरलात, हे योग्यच केलंत. फक्त ती माती गेली कुठे, एवढंच कोडं होतं. तेही सुटलं. वाफ्यांसाठी काळी माती मागवली, तेव्हा ट्रॉलीवाला अभिमानाने म्हणाला, ‘‘साइट की है साहब, एकदम बढ़िया काली!’’ धंदा चोख आहे. माती उपसण्याचा खर्च घराच्या किमतीत धरला, मलबा वाहून नेण्याचं भाडं वाचलं, आणि माती परत आणण्याचं भाडं आम्ही भरतो.

बांधकामाच्या मलब्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले. काँक्रीट; माती; लोखंड, लाकूड व प्लॅस्टिक; विटा व मसाला, असे चार ढीग वेगळे करायला त्यांत सांगितलं होतं. आपण हा भेदभाव मानला नाहीत. चौघांना एकाच खड्ड्यात नांदवलंत. मोठ्या गृहप्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देताना वरची माती राखून बागेला वापरा, अशी अटही घालतात. आपली कॉलनी लहान, त्यामुळे झाडांनी अपेक्षा लहान ठेवाव्यात. आणि हे कुठे, तर ज्या शहरात १९८८ पासून भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे, तिथे! संस्था बेरसिया रोडवर; आपल्या डंपरांचा तिकडे फारसा फेरा होत नसावा.

आपल्या सुपरवायझरने उपाय सुचवला : ‘‘ऊपर से छह इंच मिट्टी डाल दो, घास लग जाएगी।’’ लागेल की. श्रावणात सिमेंटच्या ओट्यावरही गवत उगवतं. पण खाली रोलरने दाबलेला थर असला की पावसाचं पाणी वरच तुंबतं आणि मुळं कुजतात. वैशाखात तोच थर तापला की जिथे खाली स्लॅबचा तुकडा तिथे वर पिवळा डाग. टोमॅटो-वांग्याला तर दीड फूट मोकळी माती लागते. शिवाय या मलब्यात सिमेंट आणि चुना. चाळलेली चमचाभर माती कपात घेऊन त्यावर व्हिनेगर ओतलं, तर कप सोड्यासारखा फसफसला. काळी माती मुळातच अल्कधर्मी. त्यात ही भर पडली की जमिनीत लोह असून झाडाला मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात.

तेव्हा आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली आहे. भाजीच्या वाफ्यापुरती जागा दीड फूट उपसायची, वाळूच्या उभ्या चाळणीवर सगळं चाळायचं, तळ टिकावाने फोडायचा, मग माती आणि भरपूर शेणखत. पहिल्या पावसावर ताग पेरायचा आणि फुलावर येताच तिथेच गाडायचा. भाजी दसऱ्यानंतर. चाळणीवर राहिलेल्या अख्ख्या विटांचा मात्र उपयोग झाला. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, भिंतीत भोकं ठेवून बांधायचा खताचा हौद शोधला. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर दिले की तीन-चार महिन्यांत खत. आपल्या विटा अखेर चांगल्या बांधकामाला लागल्या.

लॉनसाठी हरळी लावतो आहोत. शेतकरी जन्मभर जी उपटतो आणि जी तरीही मरत नाही, तीच आपल्या जमिनीत टिकेल.

मागणी एकच. पुढच्या साइटवर पाया खणण्याआधी वरची फूटभर काळी माती एका कोपऱ्यात वेगळी रचून ठेवा, आणि किल्ली देण्याआधी मलबा उचलून ती परसात पसरा. पाहिजे तर बिलात ‘काळी माती’ म्हणून वेगळी रक्कम लावा. ट्रॉलीवाल्याला देतो, ते तुम्हाला देऊ.

आपला,
एक सदनिकाधारक

ता. क. : सिमेंटचं पोतं परत हवं असल्यास घेऊन जावं. उचलायला चार माणसं आणावीत.