बोट कापलं की कामगार

चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी पहिल्या पाळीची बस थांबते आणि निळ्या शर्टातली पोरं उतरतात. डोक्यावर हेल्मेट, पायांत सेफ्टी बूट, गळ्यात ओळखपत्र. ती मशीन लावतात, जॉब काढतात, टार्गेट पुरं करतात, कँटीनच्या रांगेत ताट घेऊन उभी राहतात. बघणाऱ्याला वाटतं, कामगार असणार. त्या बिचाऱ्याने शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ वाचलेला नसतो. कलम १८ सांगतं की हे प्रशिक्षणार्थी आहेत, कामगार नव्हेत. सबब कामगारांचे कायदे त्यांना लागू नाहीत.

कायदा अगदीच निर्दय नाही हं. त्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं की काम करताना इजा झाली, तर भरपाईपुरतं त्याला कामगारच समजावं. म्हणजे बोट शाबूत आहे तोवर विद्यार्थी, बोट कापलं की कामगार. जिवाचा शिव व्हायला म्हणे कित्येक जन्म लागतात. इथे एक पॉवर प्रेस पुरतो.

शिकाऊ उमेदवार न घेणाऱ्या मालकाला या कायद्यात पूर्वी सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. २०१४च्या दुरुस्तीने ती काढली आणि दंड ठेवला. रिकाम्या ठेवलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, पुढे १,००० रुपये. मग २०१९च्या नियमांनी ठरवलं की ३० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच, आणि त्यांना शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन द्यायचं. त्या दरांवर कारखान्याचा अकाउंटंट कागदावर दोन ओळी लिहितो. मुलगा घेतला तर किमान ५,००० खर्च. २०१६च्या योजनेतून सरकारने पाव हिस्सा परत केला तरी ३,७५०. मुलगा नाही घेतला तर ५००, फार तर १,०००. कायदा पाळणं ही या देशात कायमच हौसेची बाब राहिलेली आहे. इथे फक्त हौसेची किंमत छापील दिली आहे.

तरीही काही कारखाने शिकाऊ घेतात, अगदी रांगा लावून घेतात. त्यांच्या अकाउंटंटने तिसरी ओळ लिहिलेली असते: कायम कामगाराचा पगार. शिकाऊ त्याच मशीनवर उभा राहतो, मुदत संपली की प्रमाणपत्र आणि चहा घेऊन जातो, सोमवारी नवी बॅच येते. त्याला नोकरी द्यायला मालक बांधील नाही, असं २०१४च्या दुरुस्तीपर्यंत कलम २२ सांगत होतं. नोकरी दिलीच तर ती घ्यायला उमेदवारही बांधील नाही, असंही तेच कलम सांगत होतं. समता म्हणतात ती हीच. आता ते कलम सांगतं की भरतीचं धोरण मालकानेच ठरवावं.

या पोरांचा प्रवास सुरू होतो आयटीआयमधून. महाराष्ट्रात सरकारी आयटीआय चारशेहून अधिक आहेत. फिटर ट्रेडला गेलेल्या मुलाच्या हातात पहिले काही आठवडे एक कानस आणि लोखंडाचा एक तुकडा असतो. तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, घासायचा, ट्राय स्क्वेअर लावून उजेडासमोर धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत व्हाइस, परत घासणं. तळव्यांना फोड येतात, फुटतात, घट्टे पडतात, आणि एके दिवशी उजेड दिसेनासा होतो. सर काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. मुलगा मात्र तो तुकडा घरी न्यायला मिळेल का, म्हणून विचारतो. लोखंडाच्या तुकड्यावर असं प्रेम बसायला कुठल्याही पदवीत सोय नाही.

या कष्टांची शासनाने कदर केली नाही असं कोण म्हणेल? महिन्याला ४० रुपये विद्यावेतन होतं. १९८०च्या दशकात ठरलेला हा आकडा २०२४पर्यंत जागचा हलला नाही. एवढी अचूकता कानशीनेही साधत नाही. २०२४ साली तो ५०० रुपये झाला.

त्याच वर्षी आषाढीच्या सुमारास पंढरपुरातून मुख्यमंत्र्यांनी आणखी एक योजना सांगितली. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं. सहा महिने प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि विद्यावेतन: बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. योजना हाताला काम शिकवण्याची, भाव मात्र कागदाचा. उजेड बंद करून दाखवणारा फिटर ८,०००ला, आणि कानस म्हणजे घासायची की वाजवायची हे विचारणारा पदवीधर १०,०००ला. भाऊ दोघेही लाडके, एक जरा जास्त.

रेल्वेत शिकलेल्यांनी हा भाव एकदा बदलून मागितला होता. २० मार्च २०१८च्या सकाळी माटुंगा ते दादर दरम्यान शेकडो शिकाऊ उमेदवार रुळांवर बसले. मागणी एवढीच की तुमच्याच कारखान्यात शिकलो, तर तुम्हीच नोकरी द्या. थेट भरतीत त्यांना २० टक्के राखीव जागा होत्या, पण परीक्षा देऊन. मध्य रेल्वे ऐन गर्दीत तीन तासांहून अधिक ठप्प झाली. गाड्या चालत्या ठेवायला शिकवलेली मुलं गाड्या थांबवण्यात तरबेज निघाली. त्या सकाळी फलाटांवर अडकलेल्यांना शिकाऊ उमेदवार नावाचा प्राणी असतो, हे पहिल्यांदाच कळलं असावं.

लग्नाच्या बाजारात तर अजूनही कळलेलं नाही. स्थळाच्या कागदावर ‘फिटर’ हा शब्द सहसा येत नाही. ‘मेकॅनिकल लाइनमध्ये आहे’ असं लिहितात. मुलीचे वडील चष्मा पुसून विचारतात, ‘म्हणजे इंजिनिअर ना?’ मुलाचे वडील खोकतात. २०२४च्या फेब्रुवारीत मात्र महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी १०,००० कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, आणि त्या कागदाला नवी ओळ सापडली. आता मुलगा जर्मन भाषेच्या क्लासला जातो. ‘जर्मनीला निघालाय’ एवढं कानावर पडताच मुलीचे वडील चष्मा खिशात ठेवतात आणि पोह्यांवर खोबरं टाकायला सांगतात. तिकडे जाऊन तो नेमकं काय करणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. लोखंडच घासणार आहे.