बॉनेटकाका

सोसायटीत कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की दोन मिनिटांत बॉनेटकाका हजर. हात पाठीमागे, चष्मा कपाळावर, चेहरा सांत्वनाला आल्यासारखा. पहिला प्रश्न ठरलेला, "कधीपासून आहे?"

आमच्या गाडीत कूलंटचा लाल दिवा लागला होता. तापमानाचा काटा मात्र मधोमध, निवांत. काकांना हे मुळीच पटेना. त्यांची हयात न सांगता तापणाऱ्या गाड्यांत गेली. खंबाटकीच्या चढावर वाफ दिसली की गाडी बाजूला, चाकाखाली दगड आणि कॅनमधलं पाणी. "तेव्हा आधी ताप यायचा. ही तर ताप नसताना सिक लीव्ह मागतेय!"

मी म्हटलं, "काका, दिवा पातळीचा आहे. टाकीतला फ्लोट खाली गेला की लागतो. काट्याचा सेन्सर वेगळा."

"म्हणजे घरात दोन मतं!" काका म्हणाले. "आणि काट्याचं काय सांगता? पाणी पार उतरलं की त्याचा सेन्सर कोरडा पडतो. इंजिन भाजत असतं आणि काटा गार!"

हे मात्र खरं आहे. काकांची हीच पंचाईत: दहा वाक्यांत एक असं बिनतोड असतं की उरलेली नऊ मुकाट्याने ऐकावी लागतात. उरलेल्यांतलं पहिलं: "थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या हवेत हवाय कशाला?" (त्याच्याविना इंजिन लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं, हे बोलायची सोय नव्हती.) दुसरं: "बोअरचं पाणी ओता." तिसरं त्यांनी सांगितलं नाही, थेट करायला घेतलं. खांद्यावरचा पंचा गुंडाळून गरम रेडिएटरच्या झाकणाला हात! आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की मात्र उसळून तोंडावर येतं. बायको गॅलरीतून ओरडली म्हणून पंचा परत खांद्यावर गेला.

इंजिन गार झाल्यावर गॅरेजचा पोऱ्या आला. टाकीवरच्या मिन-मॅक्सच्या खुणा पाहिल्या, पातळी बरोबर. मग सेन्सरचा कनेक्टर उपसला. पिना हिरव्या पडलेल्या. स्प्रे मारला, घासल्या, बसवला. चावी फिरवली. दिवा क्षणभर लागला आणि गेला.

"वायरिंग! मी तेच म्हणत होतो," काका म्हणाले. मग डॅशबोर्डाकडे बराच वेळ रोखून पाहत राहिले.

"दिवा गेला ना? आता लक्ष ठेवा हं. आता तापेल."