आधी पाइप, मग आपण

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागला की लीड्समधले आमचे शेजारी काका शिडी बाहेर काढतात. काकूंना वाटतं, कंदील उतरवताहेत. काका कंदिलाकडे बघतही नाहीत. घराच्या मागच्या भिंतीतून एक पांढरा प्लॅस्टिकचा पाइप बाहेर येतो, त्याला ते स्वेटर घालत असतात. स्वेटर म्हणजे काळ्या फोमची नळी. वळणावर ती उघडी पडते, म्हणून तिथे काकूंच्या जुन्या शालीचा तुकडा आणि त्यावर बासमतीच्या पोत्याचं प्लॅस्टिक.

"आपला बॉयलर चिक्कू आहे," काका अभिमानाने सांगतात. "धुरातल्या वाफेचीसुद्धा ऊब काढून घेतो. मग तिचं पाणी होतं, ते या पाइपातून थेंब थेंब बाहेर पडतं. पाइप गोठला की तेच पाणी उलटं त्याच्या घशात. दोन गुळण्या करतो आणि बसतो रुसून."

इंग्लंडात २००५ पासून नवे बॉयलर सहसा याच जातीचे बसवावे लागतात. पण काकांचं वैर सुरू झालं ते २०१० च्या डिसेंबरात. १९१० पासूनच्या नोंदींतला तो ब्रिटनमधला सर्वांत थंड डिसेंबर, आणि नेमके तेव्हाच काकूंचे भाऊ सांगलीहून आलेले. बॉयलर बंद. मेव्हणे तीन दिवस माकडटोपी घालून जेवले आणि दर घासाला घरच्या तांब्याच्या बंबाची आठवण काढत राहिले. चौथ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने पाइपावर दोन तांबे होईल एवढं कोमट पाणी ओतलं, रीसेटचं बटण दाबलं आणि बिल दिलं. पाइप मोकळा झाला. ते बिल काकांच्या मनात अजून गोठलेलं आहे.

तेव्हापासून "आधी पाइप, मग आपण". पारा शून्याखाली जाणार असं कळलं की काका झोपायच्या आधी बाहेर जाऊन पाइपाच्या कोपराला गरम पाण्याची पिशवी बांधतात. स्वतः मात्र सपाता आणि उघडं डोकं. आठवडाभर खोकतात. "एवढं स्वतःला गुंडाळलं असतं तर?" असं काकू विचारतात, तेव्हा काका खोकला आल्याचं निमित्त करतात.

एका पहाटे ते किटली घेऊन निघाले. "उकळतं नाही हं, प्लॅस्टिक तडकतं. बाळाच्या अंघोळीला घेतो तसं." पाइप सुटला. सांडलेल्या पाण्याची मात्र फरशीवर काच झाली आणि यशाची बातमी द्यायला वळलेले काका तिच्यावर बसले. किटली तेवढी सरळ धरलेली होती.

जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला ते पुण्याला गेले, तेव्हा किल्ली माझ्याकडे. मांडवातून फोन. मागे सनई.

"हीटिंग बंद नाही ना केलंस? रिकाम्या घरालाही थोडी ऊब लागते रे."

"चालू आहे, काका."

"बॉयलरच्या दाबाचा काटा किती दाखवतोय?"

"सव्वा बार."

"शाबास! थांब, अक्षता टाकून येतो."

गेल्या वर्षी मुलाने तो साडेएकवीस मिलिमीटरचा पाइप काढून ३२ चा बसवून घेतला, नीट उतार देऊन, जाड कवच चढवून. पहिली कडाक्याची थंडी पडली. काका रात्रभर कान देऊन होते. बॉयलरने एकही गुळणी केली नाही. सकाळी काकू म्हणाल्या, "चहासुद्धा धड घेतला नाही रे त्यांनी."

परवा उणे पाच होतं. पहाटे माझ्या मागच्या भिंतीपाशी खुडबुड ऐकून मी खिडकी उघडली. खाली काका, डोक्यावर टोपी नाही, काखेत गरम पाण्याची पिशवी.

"तुझा अजून साडेएकवीसचाच आहे ना रे?"