रा. रा. घरघरराव यांस

रा. रा. घरघरराव, मुक्काम आमची जुनी वॅगन-आर, बदलापूर पूर्व, यांस स. न. वि. वि.

पावसाळा सरता सरता आपण आमच्या गाडीत उतरलात, ते अजून हलायचं नाव नाही. काटा चाळीसच्या खाली असेपर्यंत आपण निद्रिस्त असता. पन्नाशीला घुमू लागता आणि साठीला मागच्या सीटवरच्या आजींना पुढचं बोलणं ऐकू येईनासं होतं. तसं ते आधीही येत नव्हतं, पण आता खापर आपल्यावर फुटतं.

आपल्या ओळखीवरून घरात पक्ष पडले आहेत. सासरे म्हणतात, सायलेन्सर. मेहुणा एक व्हिडिओ पाहून गिअरबॉक्सवर ठाम आहे. एका गॅरेजवाल्याने तर ट्रायल न मारताच चारी शॉकअप बदलायला सांगितले. अहो, खड्ड्यात खडखडतात ते लिंक रॉड आणि बुश. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कटकटतो तो अ‍ॅक्सलचा जॉइंट. आपण यांतले नव्हेत. आपण एका सुरात, वेगाबरोबर चढत जाणारे. स्वतःचा पत्ता आपण पहिल्या दिवसापासून सांगत होतात, ऐकायला कोणी तयार नव्हतं एवढंच.

त्यात आपल्याला लपायला हा रस्ता! अंबरनाथच्या काँक्रीटवर आडव्या रेघा असल्या की धडधाकट टायरही गातो, सांधे ठकठक ताल धरतात आणि पेव्हर ब्लॉक आले की अख्खी गाडीच वाजते. या गर्दीत आपण बेमालूम मिसळलात. मग मध्येच डांबराचा एक गुळगुळीत तुकडा लागला (आहे, जागा सांगत नाही, नजर लागेल). बाकीचे सगळे गप्प झाले, आपण मात्र तसेच घुमत राहिलात. टायर झिजून उंचसखल झाला असता, तर रस्ता बदलताच सूरही बदलला असता.

रस्ता मोकळा पाहून क्षणभर न्यूट्रल केलं. इंजिन आयडलवर आलं, आपण नाही. सासऱ्यांचा पक्ष तिथेच बाद. मग स्टिअरिंग किंचित डावीकडे झुकवलं, तसे आपण चढलात. उजवीकडे झुकवलं, तसे ओसरलात. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, हे आपण विसरलात वाटतं. शेवटी गाडी जॅकवर घेतली, पुढचं उजवं चाक हाताने फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. खरखर थेट तळव्यात आली. आपण बेअरिंगात बसला होतात.

तिथे आपण शिरलात कसे, हेही उघड आहे. पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत चाक आपटून सील सैल झालं, पाणी आत गेलं, ग्रीस बाहेर आलं. अंबरनाथचं शिवमंदिर इ. स. १०६० पासून वालधुनीच्या काठी पाण्याला पुरून उरलं आहे. रबराच्या सीलकडून तेवढी अपेक्षा नाही, पण एक पावसाळा तरी?

आपल्या जागी येणाऱ्या बेअरिंगसाठी उल्हासनगर गाठलं. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून शहर झालेल्या त्या गावात आजही कॅम्प नंबर सांगितल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. दुकानदाराने प्रेमाने विचारलं, "ओरिजिनल देऊ, की चालेल असं?" साठीच्या वेगात चाक डगमगायला लागलं की 'चालेल असं' किती चालेल, या विचाराने ओरिजिनल घेतलं, बिलासकट.

येत्या शनिवारी आपली रवानगी आहे. हातोडीने नव्हे, प्रेसवर. ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग आपलाच धाकटा भाऊ पोटात घेऊन येतं, हे मेकॅनिकला बजावलं आहे. तो हसला, म्हणून मी तिथे उभा राहणार आहे.

आपला,
ड्रायव्हर आणि घरमालक

ता. क. डॅशबोर्डच्या आत किरकिरणाऱ्या चिरंजीवांना निरोप द्यावा : आपली जागा रिकामी होते आहे म्हणून त्यांनी आवाज चढवू नये. त्यांचा नंबर दिवाळीनंतर.