कान एक, भाडेकरू तीन

मास्कची सक्ती झाली तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं. नाक, ओठ, हनुवटी आणि त्या हनुवटीखाली आलेली दुसरी हनुवटी, सगळं एका झटक्यात झाकलं जाणार होतं. उरले डोळे आणि केस. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. म्हणजे काय रूप दाखवायचं ते केसांनीच, आणि माझ्या केसांना तर पोनीटेलपलीकडे कसलाच अनुभव नव्हता.

२८ जून २०२०ला महाराष्ट्रात सलून आणि पार्लरं उघडली. केस कापा, रंगवा, पण दाढी आणि फेशिअल बंद. आमच्या ह्यांनी आपल्या वाढलेल्या दाढीला लगेच ‘शासनाचा निर्णय’ म्हणायला सुरुवात केली आणि मी पार्लर गाठलं. तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, आता सगळा फोकस वर आणायचा. समोर बँग्ज काढू या.” तिच्या तोंडावर मास्क, मास्कवर फेसशील्ड, मला ‘मॅडम’ आणि ‘काढू या’ एवढंच ऐकू आलं. मी मान डोलावली.

बँग्ज थेट चष्म्यावर उतरल्या. खाली मास्क, आणि श्वास सोडला की त्याच्या वरच्या फटीतून वाफ निघून काचा धुरकट. फोकस वर आला खरा, पण तिथे कुणी दिसतच नव्हतं.

सोसायटीच्या गेटवर वॉचमननं तापमान मोजायची बंदूक माझ्यावर रोखली. बघितलं, झटकली, पुन्हा रोखली. त्या यंत्राला उघडी कातडी लागते. केसांवर नेम धरला की ते गोंधळतं. “लो दाखवतंय,” तो काळजीनं म्हणाला. “मॅडम, कपाळ दाखवा. आणि कुणाकडे जायचंय?” ह्याच सोसायटीची मी गेल्या वर्षीची सेक्रेटरी. त्याची दिवाळीची बक्षिसी माझ्याच सहीनं निघाली होती.

मग बँग्ज पिना लावून मागे ढकलल्या आणि खरा घोळ कानांपाशी आहे हे कळलं. केस कानामागे घ्यावेत, तर मास्कच्या नाड्या कान पुढे ओढतात आणि ते मोकळे, ठसठशीत दिसतात. कानांवर सोडावेत, तर मास्क काढताना दोन बटा सोबत येतात. कान एक आणि भाडेकरू तीन: चष्म्याची दांडी, मास्कची नाडी आणि सणासुदीला मोत्यांचा वेल. तिघांनाही जागा मागचीच हवी.

तुळशीची लग्नं लागली आणि पाठोपाठ भाचीचंही ठरलं. पन्नास माणसांची मर्यादा. त्या पन्नासांत नाव आलं म्हटल्यावर नटणं हे कर्तव्यच. पैठणीला जुळणारा जरीकाठाचा मास्क घेतला. आत खरी नथ घालून पाहिली, पण मास्कनं ती दाबली आणि मोती ओठांत येऊ लागले. मग मास्कवर भरतकामातली नथ असलेला दुसरा आणला. ह्या नथीची फिरकी तरी हरवत नाही!

अंबाडा घालायचं ठरलं. माझ्या केसांचा अंबाडा सुपारीएवढा होतो, म्हणून आत गंगावन. जाऊबाईंनी वर गजरा माळला आणि मागे होऊन नीट पाहिलं. “कानांना सुट्टी दे,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातल्या नर्स हेअरबँडला बटणं शिवून त्यांत नाड्या अडकवतात. तुझ्या नाड्या मी अंबाड्याच्या आकड्यांना अडकवते.” कल्पना झकास होती. कान सपाट, वेल सुटसुटीत, मान ताठ. त्या काळातलं माझं सर्वांत देखणं रूप ते, ह्यावर मी आजही ठाम आहे.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला, तरी वधूवरांच्या तोंडांवरचे दोन लहान अंतरपाट होतेच. ते खाली घ्यायला लावून फोटोग्राफरनं त्यांचे फोटो काढले, मग आम्हा बायकांना रांगेत उभं केलं. “फोटोपुरते मास्क खाली. पटकन. एक, दोन...”

सगळ्यांनी खाली घेतले. माझा येईना. मी जरा जोर केला. आकडे निसटले, आकड्यांमागून गजरा, गजऱ्यामागून गंगावन, आणि सगळा ऐवज नथीच्या मास्कला लोंबकळत माझ्या खांद्यावरून पुढे आला. पाठीमागे सुपारी तेवढी उरली. विहीणबाई नव्या नात्याला शोभेल अशा गांभीर्यानं छताकडे पाहू लागल्या. जाऊबाई मास्क वर चढवून आत मनसोक्त हसून घेत होत्या.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं.

“मावशी, तुमचे डोळे मिटलेत. परत एकदा काढता का?”