मुहूर्त विचारा सिंगापूरला!

अहो, ऐकलंत का? कपडे वाळत घालून झाले असतील तर या जरा अशा कुंपणाशी. हळू बोला हं, बी-विंगच्या खिडक्या उघड्या आहेत.

रविवारी बी-विंगच्या काकूंकडे कार्यक्रम झाला ना, नातवाला मुलगी बघायचा. म्हणजे मुलीकडचेच मुलगा बघायला आले होते म्हणा, हल्ली तसंच चालतं. नातू म्हणजे सिंगापूरच्या लेकीचा हो! कंपनीने सहा-आठ महिन्यांसाठी इथल्या ऑफिसात पाठवलाय. पहाटे साडेपाचला ग्राउंडवर पळतो, तो उंच मुलगा. मला वाटायचं, डाएटचं खूळ असेल. डाएट कसलं डोंबलाचं! त्याचं कारण ऐकाल तर...

तर काय सांगत होते. पोहे माझ्या हातचे हवेत म्हणून काकूंनी मलाही बोलावलं होतं. त्यामुळे सगळं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माझ्या कानांनी ऐकलंय, इकडून तिकडून आलेलं नाही.

सगळं छान चाललं होतं. पत्रिका जुळलेली, मुलगी हसतमुख. मुलीचे वडील म्हणाले, डिसेंबरातला दुसरा आठवडा उत्तम, हॉलही मिळतोय. हॉल मिळतोय म्हटल्यावर काकूंचा चेहरा असा फुलला! आणि हा मुलगा शांतपणे म्हणतो कसा, "डिसेंबरात जमणार नाही. माझं रिझर्व्हिस्ट आहे."

कुणाला काही कळेना. मुलीची आई काकूंकडे बघते, काकू लेकीकडे, लेक पंख्याकडे. मग मुलीच्या आईच्या तोंडून निघालंच, "म्हणजे मुलगा मिलिटरीत आहे? बायोडेटात तर आयटी लिहिलंय!" चमचा हातात तसाच, पोहे पदरावर सांडले तरी बाईंचं लक्ष नाही. शालू नव्हता म्हणून बरं.

आता तुम्हाला-मला माहीत आहे हो. लेक-जावयाने तिकडे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना घेतला, मुलालाही लहानपणीच घेऊन टाकला. जावयांना सक्तीच्या लष्करी सेवेतून माफी, पण पुढच्या पिढीला नाही. मुलगा अठराचा झाला की जवळजवळ दोन वर्षं लष्करात. 1967 पासून आहे तो नियम, कुणाचीही वशिलेबाजी चालत नाही म्हणतात. पासपोर्ट आपला, भारताचा, आणि खांद्यावर रायफल त्यांची! तेव्हाचा फोटो काकूंनी मला दाखवला होता. टेकाँग बेटावर फेरीने नेतात मुलांना. पहिल्या दिवशी आईबापांनाही सोबत नेतात आणि तिथल्या मेसमध्ये जेवायला घालतात. लेक तिथे जेवत होती आणि इकडे काकू रडत होत्या. कशासाठी? तर नातवाचे केस कापले म्हणून. बंदुकीचं काही नाही, केसांचं वाईट वाटलं!

त्यांच्याच ओळखीतलं एक कुटुंब मुलगा मोठा व्हायच्या आत पीआर परत करून ऑस्ट्रेलियाला निघून गेलं. पण सिंगापूर सरकार असलं काही विसरत नाही बरं का. त्या मुलाने उद्या शिक्षणाला, नोकरीला अर्ज केला तर जुना हिशेब निघणार. काकूंच्या लेकीने तसं केलं नाही. तेवढं मात्र मी तिचं कौतुकच करते, एरवी ती जरा... जाऊ दे.

तर काय सांगत होते. दोन वर्षं केली म्हणजे सुटला असं वाटलं होतं ना आपल्याला? कुठलं सुटतोय! त्यानंतर दहा वर्षांचं चक्र असतं, तेच ते रिझर्व्हिस्ट. वर्षाला जास्तीत जास्त चाळीस दिवस बोलावू शकतात, साध्या शिपायाला चाळिशीपर्यंत आणि अधिकाऱ्याला पन्नाशीपर्यंत. त्या दिवसांत बुडालेला पगार सरकार भरून देतं, ते एक बरं. बरेच महिने बाहेर राहायचं तर एक्झिट परमिट घ्यायचं. आणि गंमत बघा, मुलगा भारताचा नागरिक, राहतो पुण्यात, आजीच्या हातचं जेवतो, पण त्यांच्या वहीत तो "परदेशी गेलेला"! काकू म्हणाल्या, "परदेश म्हणजे नक्की कुठला रे बाबा?" तो नुसता हसला.

आता मुलीचे वडील पडले अस्सल पुणेकर. ते म्हणाले, "समजा नाहीच गेला तर? इथे येऊन पकडणार आहेत थोडेच?" हे ऐकल्यावर मुलाचा चेहरा असा पडला की मीच पुढे होऊन चहा विचारला. मग त्याने त्या पियानोवाल्याची गोष्ट सांगितली, मेल्विन टॅनची. बारा वर्षांचा असताना पियानो शिकायला इंग्लंडला गेला, तिथेच राहिला, ब्रिटिश झाला. लष्कराचं बोलावणं आलं तेव्हा परत गेलाच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, 2005 साली सिंगापुरात आला तर कोर्टात उभा केला. तीन हजार डॉलर दंड! आणि लोक भडकले ते कशावरून? एवढ्याशा दंडावर सोडलंच कसं म्हणून! मग कायदा आणखी कडक झाला. आता दहा हजार डॉलरपर्यंत दंड, नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. वडिलांनी चहाचा कप उचलला आणि पुढे अवाक्षर काढलं नाही.

खरी मजा पुढेच आहे. कोपऱ्यात मुलीचे आजोबा बसले होते ना, तोफखान्यातले रिटायर्ड, देवळालीचे. इतका वेळ डोळे मिटून होते, आम्हाला वाटलं डुलकी लागली. एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "सिंगापूरची पोरं आमच्याकडे येतात की तोफा चालवायला!" खरंच येतात हो! अग्नी वॉरियर म्हणतात त्या सरावाला. 2024 च्या नोव्हेंबरातही आले होते देवळालीच्या रेंजवर. एवढ्याशा देशात तोफ डागायची कुठे, गोळा समुद्रात नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात! मग काय, आजोबांनी मुलाला शेजारी बसवून घेतलं, रायफल कुठली, मार्च किती किलोमीटरचा, सगळी उलटतपासणी. चोवीस किलोमीटर ऐकल्यावर म्हणाले, "ठीक आहे," आणि त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे केवढं!

आणि मुलगी? तिने एकच प्रश्न विचारला. "आयपीपीटीत काय मिळालं? सिल्व्हर की गोल्ड?" सगळे तिच्याकडे बघतच राहिले. आदल्या रात्री सगळं वाचून आली होती पठ्ठी! ती फिटनेसची परीक्षा हो, पुश-अप, सिट-अप आणि दोन पूर्णांक चार किलोमीटर पळणं. वाढदिवस आला की नव्या वर्षाची परीक्षा सुरू. मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "सिल्व्हर." त्याचे तीनशे डॉलर मिळतात, गोल्डचे पाचशे. "मग पुढच्या वेळी गोल्ड," ती म्हणाली. तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं, जुळलं. मुलीची आई मात्र अजून पदर पुसत होती.

अडलंय ते तारखेवर. स्वतःच्या लग्नासाठी बोलावणं पुढे ढकलायचा अर्ज करता येतो, पण सोबत लग्नाचे कागद जोडायचे. कागद म्हणजे लग्नपत्रिका. आता तारीख पक्की झाल्याशिवाय पत्रिका छापायची कशी, आणि पत्रिकेशिवाय तारीख पक्की व्हायची कशी? काकूंनी गुरुजींना फोन केला, तर गुरुजी म्हणाले, "हे सिंगापूरचे अधिकारी पंचांग बघतात का?" शेवटी आजोबांनीच निकाल दिला. हॉलची पावती जोडा, हॉलवाल्याला मी अ‍ॅडव्हान्स देतो. कालच दिलाही म्हणे. परत मिळणारा नाही, तरी दिला.

अर्ज गेलाय, उत्तर अजून यायचंय. तुम्ही डिसेंबरात लेकाकडे जाणार होतात ना? तिकिटाची घाई करू नका, निदान या शुक्रवारपर्यंत तरी थांबा.